शब्दचर्चा : डाग, वण आणि रस्त्यावरचा मुरूम

उंबरठा :
मंडळी, अडलेय. एका त्वचेच्या दवाखान्यासाठी दोन पानी माहितीपत्रक मराठीत करतेय. मूळ इंग्रजी मजकुरात 'मार्क' आणि 'स्कार' असे दोन शब्द आहेत, आणि मुरमं गेल्यावर मागे जे उरतं ते या दोहोंपैकी काय हे लोकांना कळावं, एवढ्यासाठीच ते पत्रक आहे. आधी कुणीतरी केलेला एक मसुदा हाती आला. त्यात मार्कलाही डाग, स्कारलाही डाग. एक वाक्य तर चक्क असं छापायला निघालं होतं : 'डाग आणि डाग यांतला फरक ओळखा.' पुढच्या पानावर भान आलं असावं, तिथे स्कारचा 'व्रण' झालाय.

मला वाटतं आपल्याकडे 'वण' आहे. देवीचे वण, टाक्यांचा वण, पडलो तेव्हाचा गुडघ्यावरचा वण. पण दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसणारी मुलगी म्हणाली, "वण म्हणजे काय हो मॅडम?" तेव्हापासून डळमळलेय.

आणि हे माझं नुसतं शब्दांचं दुखणं नाही. माझ्या भाचीने एका दुकानातून 'डाग घालवणारं' मलम आणून नऊ महिने चोळलं. परवा घरी आली तेव्हा संध्याकाळी खिडकीशी बसली होती, ऊन एका बाजूने गालावर तिरपं पडलेलं. तेव्हा दिसलं, गालावर रंगबिंग काही नव्हता, बारीक बारीक सावल्या होत्या. म्हणजे खळगे. मी बोट फिरवलं तर बोटाला लागले. "मावशी, पण डबीवर डाग लिहिलं होतं ना," ती म्हणाली. डबीची चूक म्हणू की भाषेची?

जुनेपान :
'व्रण' आधी खोडा. व्रण म्हणजे जखम, चिघळलेली किंवा उघडी. जठरव्रण म्हणतो तो पोटातला अल्सर, भरून आलेली खूण नव्हे. संस्कृत व्रणातला र प्राकृतात गळला आणि 'वण' राहिला, पण अर्थही तेवढाच सरकला : जखम गेली, जखमेची खूण उरली.

यात एक गंमत आहे. सुश्रुतसंहितेत व्रण या शब्दाची फोड दिलीय ती अशी, की जखम भरून आली तरी तिची जागा, म्हणजे 'व्रणवस्तु', देह असेतो नाहीशी होत नाही, म्हणून तिला व्रण म्हणायचं. म्हणजे आपल्या वणाची कल्पना मूळ शब्दाच्या पोटातच होती. मराठीने तेवढी उचलली आणि जखमेसाठी जखम हा फारसी शब्द घेतला. वर्तमानपत्रांत 'चेहऱ्यावरील व्रण' छापतात तेव्हा मला डोळ्यांपुढे पू वाहताना दिसतो.

सातारारोड :
आमच्या गावचा प्रश्न वेगळा. 'मुरूम' म्हटलं की ठेकेदार आठवतो. रस्त्यावर खड्डा पडला की त्यात मुरूम टाकतात, तोंडावर मुरूम आला की त्याचा खड्डा पडतो. देवाने ठेकेदारी उलटी घेतलीय. बाकी आमच्याकडे बायका 'पुटकुळी' म्हणतात, 'तारुण्यपीटिका' फक्त शाळेच्या पुस्तकात. वण मात्र सगळ्यांना कळतो. रिसेप्शनच्या पोरीला तिच्या आजीकडे पाठवा.

एक त्वचेची डॉक्टर :
मी याच कामात आहे, म्हणून लांबण लावते, माफ करा. उंबरठाताई, तुमचा प्रश्न मी रोज ओपीडीत ऐकते. पेशंट म्हणतात "डॉक्टर, डाग घालवा", आणि मला पहिलं काम हेच असतं की हे डाग आहेत की वण.

डाग हा रंगाचा मामला. मुरूम सुजतं, सूज उतरते, पण त्या धुमाळीत रंगपेशींनी जास्तीचं मेलॅनिन, म्हणजे कातडीचा काळा रंग, ओतलेलं असतं. कातडी सपाट असते, फक्त तेवढी जागा काळपट. तपकिरी दिसला तर रंग वरच्या थरात आहे, काही महिन्यांत उतरतो. करडा किंवा निळसर दिसला तर खाली झिरपलाय, त्याला वर्षही लागेल, जास्तही. आपल्यासारख्या सावळ्या कातडीला हे डाग फार. गोऱ्यांना त्याऐवजी लालसर खुणा राहतात, त्या रक्तवाहिन्यांमुळे. पारदर्शक काच दाबून धरली की लाली विरते, काळा डाग काही विरत नाही.

वण हा घडणीचा मामला. खालच्या थरातला कोलॅजन, म्हणजे कातडीला धरून ठेवणारे तंतू, मोडला आणि भरून येताना कमी पडला, म्हणून खळगा. किंवा जास्त झाला, म्हणून उंचवटा. ताईंनी खिडकीशी जे केलं तीच परीक्षा : उजेड बाजूने, समोरून नको. समोरून, तेही स्नानगृहातल्या ट्यूबलाइटखाली, खळगा दिसतच नाही. मग डोळे मिटून बोट फिरवायचं. बोटाला रंग कळत नाही, खळगा कळतो.

खळग्यांची इंग्रजी नावं पेशंटना सांगून काही उपयोग नसतो, म्हणून मी माझी केलीत. पहिला दाभणी : दाभण खुपसल्यासारखा, तोंड दोन मिलिमीटरहून अरुंद, पण खोल. दुसरा, थाळीतली एक वडी उचलल्यावर राहते तशी जागा, काठ उभे सरळ. तिसरा गादीचा. गादीला टाके घातले की तिथे ती आत ओढली जाते ना, तसं. इथेही कातडीखाली तंतूंचे टाकेच पडलेले असतात. दोन बोटांनी कातडी ताणली की हा खळगा जवळजवळ सपाट होतो, दाभणी होत नाही.

आता उपाय, कारण गल्लत इथे महागात पडते. डागांना उन्हापासून जपणं अर्धं औषध आहे. बाकी सगळं लावलं आणि सनस्क्रीन लावलं नाही तर नळ चालू ठेवून फरशी पुसण्यासारखं. किमान तीस एसपीएफ. आणि सावळ्या कातडीसाठी रंगीत, लोहाच्या ऑक्साइडचं मिळालं तर उत्तम, कारण नुसता दिसणारा उजेडही डाग गडद करतो. त्यावर लावायची औषधं म्हणजे ॲझेलाइक आम्ल, ॲडापलीन, नायसिनामाइड. हायड्रोक्विनोन चांगलं आहे, पण मोजक्या महिन्यांसाठी आणि डॉक्टरच्या नजरेखाली. वर्षानुवर्षं चोळलं तर उलट निळा-काळा रंग बसतो. गरोदर असाल तर ॲडापलीनच्या जातीची औषधं नकोत.

वणाला यातलं काहीही भरत नाही. मलमाने खड्डा बुजत नाही. दाभण्याला कडक ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल टोकदार काडीने नेमकं आत टेकवतात, किंवा गोल पात्याने तेवढी जागा कापून टाका घालतात. गादीच्या खळग्याला सुई आडवी घालून खालचे टाके तोडतात, त्याला सबसिजन म्हणतात. उथळ खळग्यांना बारीक सुयांचं यंत्र किंवा लेझर, महिन्या-दीड महिन्याच्या अंतराने कित्येक बैठका. खळगे उथळ होतात, पूर्ण जात नाहीत. जो डॉक्टर 'शंभर टक्के' म्हणेल त्याच्याकडून उठून या. आणि छाती, खांदे, जबड्याची कड इथले उंच वण वेगळे, त्यांच्यात स्टेरॉइडची सुई टोचावी लागते. त्यांतला केलॉइड तर मूळ जखमेची हद्द ओलांडून पसरतो. त्याचं नाव ग्रीकमधल्या खेकड्याच्या नांगीवरून पडलंय.

आणि चालू मुरमं आटोक्यात आल्याशिवाय यातलं काही सुरू करू नये. नाहीतर एकीकडे बुजवायचं, दुसरीकडे नवे खणले जातात.

उंबरठा :
डॉक्टर, दाभणी, वडी आणि गादी तीनही उचलतेय, परवानगी धरून चालते. एक विचारते, लेझर-बिझर केल्यावर भाचीला उलट काळं तर नाही पडणार? तिला एकाने घाबरवलंय.

एक त्वचेची डॉक्टर :
घाबरवणारा अगदीच चुकीचा नाही. लेझर म्हणजे मोजून केलेली जखमच, आणि सावळी कातडी प्रत्येक जखमेला रंगाने उत्तर देते. म्हणजे वण घालवताना डाग पडू शकतो. म्हणून ताकद कमी ठेवतात, आधी-नंतर ऊन टाळायला सांगतात. असा पडलेला डाग बहुतेक वेळा उतरतो. तुमच्या पत्रकात हे वाक्य असायला हवं, आणि दोन शब्द नसतील तर ते लिहिताच येणार नाही. करा बघू : 'डाग घालवताना डाग पडू शकतो.'

दौलताबाद :
जुनेपान यांनी वणाचं सांगितलं, मी डागाचं सांगतो. फारसी 'दाग' म्हणजे मुळात तापल्या लोखंडाची खूण. अलाउद्दीन खिलजीने फौजेतले घोडे डागवले ते यासाठी, की हजेरीला सरदाराने भलतंच तट्टू उभं करू नये. मराठीत गुरांना डाग देतात, डागणी देतात, तोफही डागतात. तेव्हा चटका बसून कातडी आकसते ती खूण, डॉक्टरांच्या भाषेत, वणच की! म्हणजे बघा, व्रण ही जखम होती तिचा झाला वण, आणि दाग हा वण होता त्याचा झाला कपड्यावरचा चहा. दोन्ही शब्द एकेक पायरी सौम्य झाले. त्यामुळे 'डाग म्हणजे फक्त रंग' हा नियम आजच्या मराठीचा आहे, डागाच्या खापरपणजोबांचा नव्हे.

एसटीचा प्रवासी :
आणि डाग म्हणजे नग. 'सामानाचे किती डाग?' आमची आजी दागिन्यालाही डागच म्हणायची. सुनेच्या अंगावर चार डाग असावेत अशी तिची इच्छा होती. आईला तेव्हा मुरमांचे होते. चारच्या वर.

जुनेपान :
दौलताबाद, मान्य. पण आजचा वापर क्रियापदांत बघा. डाग पडतो, फिका होतो, उतरतो, निघतो, जातो. वण उठतो, राहतो, बुजतो. 'वण धुऊन निघाला' असं कुणी म्हणत नाही. भाषेला डॉक्टरांनी सांगितलेला फरक आधीपासून माहीत आहे, जाहिरातींना नाही. 'वळ' त्यात मिसळू नका, तो छडीचा, दोन दिवसांत जातो. 'चट्टा' अंगावर पित्ताने उठतो किंवा पांढरा पडतो. 'लास' जन्माची.

दहावीची आई :
शब्दांचं चालू द्या, पण डॉक्टर, सासूबाई जायफळ दुधात उगाळून लावायला सांगतात आणि मुलगी लिंबू चोळते. कोणाचं ऐकू?

एक त्वचेची डॉक्टर :
लिंबू आजपासून बंद. चेहऱ्याला त्याने आग होते, ऊन लागलं की आणखी काळं पडतं. टूथपेस्ट, खाण्याचा सोडा, तेही नको. जायफळाने कुणाकुणाची कातडी चुरचुरते. चुरचुरली तर सोडा, नाहीतर सासूबाईंशी मी भांडणार नाही, पण त्याने वण बुजेल ही आशा नको. सगळ्यांत वाईट म्हणजे मैत्रिणीने सांगितलं म्हणून औषधाच्या दुकानातून आणलेलं 'गोरं करणारं' स्टेरॉइडचं मलम. पंधरा दिवस चेहरा चकाकतो. मग कातडी पातळ होते, लाल होते, बारीक केस येतात आणि मुरमं दुप्पट. ट्यूबवर 'बेटामेथासोन', 'क्लोबेटासोल', 'मोमेटासोन' यांतलं एखादं नाव असेल तर आजच डॉक्टरला दाखवा. फार दिवस लावलं असेल तर मनाने एकदम बंदही करू नका.

मुलीला एवढंच सांगा की फोडू नको. फोडलेल्या मुरमाचा वण होण्याची शक्यता जास्त, आणि नखं तिच्याकडे दहा आहेत.

जुनेपान यांचा नियम मोडणारी एक गोष्ट मात्र सांगून टाकते. खुद्द डॉक्टरांत मुरमांच्या वणांची गुडमन आणि बॅरन यांनी केलेली २००६ची प्रतवारी चालते. तिच्यात चार पायऱ्या आहेत आणि सपाट रंगाचे डाग ही पहिली पायरी धरलीय. म्हणजे तिथे डागही वणांच्याच यादीत! चेहरा हातभर अंतरावरून बघायचा आणि ठरवायचं, अशी ती पद्धत. तेव्हा गोंधळ एकट्या मराठीचा नाही.

सातारारोड :
हातभर म्हणजे किती?

एक त्वचेची डॉक्टर :
पन्नास सेंटिमीटर. तुमच्या ठेकेदाराला पाचशे मीटरवरून दिसत नाही ते.

उंबरठा :
दोन दिवसांनी परत आलेय. दवाखान्यात 'वण' मान्य झाला, पण अटीवर : पहिल्यांदा येईल तिथे 'वण, म्हणजे खळगा किंवा उंचवटा' असं लिहायचं. व्रण गेला. शीर्षक असं उतरलंय : 'डाग की वण? बोट फिरवून पाहा.' खाली तिरप्या उजेडाचं चित्र, त्याखाली गादीचं. वडीचं चित्र काढणाऱ्याने चुकून बर्फीवर चांदीचा वर्ख लावलाय, तो काढायला सांगितलाय.

रिसेप्शनच्या मुलीने मसुदा वाचला आणि आपल्या कोपरावरचा सायकलवरून पडल्याचा जुना पांढरा पट्टा दाखवून विचारलं, "हा वण का?" होय म्हटलं. "आम्ही याला 'मार लागलेलं' म्हणतो," ती म्हणाली.

भाचीला सबसिजनसाठी पुढच्या महिन्याची वेळ मिळालीय. मलमाची डबी तिने अजून टाकलेली नाही, त्यात पिना ठेवते.

जुनेपान :
'मार लागलेलं' कुठल्या भागात म्हणतात? विचारून सांगा. आणि वांग राहिला, 'व्यंग'वरून आलेला. त्याचा वेगळा धागा काढतो, इथे नको.