परसातलं तळं: लायनर किती, पंप केवढा?

खुरपं_कुदळ:
परसात ३ मीटर लांब, २ मीटर रुंद, ६० सेंमी खोल तळं स्वतःच खणायचं ठरवलंय. कुमुद आणि थोडे मासे ठेवायचेत. ईपीडीएम लायनर (खड्ड्यात अंथरायची रबरी चादर) किती मापाचा आणावा? की सरळ सिमेंटचं करावं? पंप केवढा लागेल?

पाणकणीस:
सिमेंट नको. जमीन जरा खचली की तडा जातो. शिवाय नव्या सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो, पीएच चढतो आणि मासे तगत नाहीत.

लायनरचा हिशेब सोपा आहे: लांबी + खोलीची दुप्पट + कडेला ६० सेंमी. तुमचं ३ + १.२ + ०.६ = ४.८ मीटर, रुंदीकडून २ + १.२ + ०.६ = ३.८ मीटर. जाडी १ मिमी. पण आधी खणा, मग मागवा. खणताना आकार हमखास बदलतो, म्हणून खड्ड्यात तळाला टेकवत दोरी टाका आणि ती मोजा.

काठाच्या खाली २०-२५ सेंमीवर ३० सेंमी रुंद पायरी ठेवा, कुंड्या तिथे बसतात. भिंती अगदी उभ्या नकोत, माती ढासळते. सगळ्यात जास्त वेळ काठाच्या पातळीला द्या. एक बाजू ३ सेंमी खाली राहिली तर पाणी तिथूनच सांडणार आणि समोर काळा लायनर कायमचा उघडा दिसणार. नजरेवर भरवसा नको. पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी तपासा. खडे, मुळं वेचून जिओटेक्स्टाइल (लायनरखाली घालायचं जाड संरक्षक कापड) अंथरा, त्यावर लायनर. तळं पूर्ण भरेपर्यंत कडा कापू नका, पाण्याच्या भाराने लायनर आत ओढला जातो.

झुळझुळ:
पंपाचं सांगतो. ३ × २ × ०.६ म्हणजे ३.६ घनमीटर, पण पायऱ्या आणि उतार वजा जाता साधारण २,५०० लिटर धरा. मासे असतील तर एवढं पाणी दर एक-दोन तासांनी फिल्टरमधून फिरायला हवं. खोक्यावर ठळक छापलेला प्रवाह शून्य उंचीचा असतो. धबधबा १ मीटरवर असेल तर तक्त्यात १ मीटर हेडसमोरचा (हेड म्हणजे पाणी चढवायची उंची) आकडा बघा. वीजजोडणीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) हवाच. धबधबा कुमुदापासून लांब ठेवा, त्याला पानांवर सतत तुषार सोसत नाहीत.

माशांची घाई नको. अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये रुजायला ४ ते ६ आठवडे लागतात. सुरुवातीला दोन-चारच सोडा. नळाच्या पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन-अमोनियापासूनचं जंतुनाशक) असेल तर ते पाणी नुसतं साठवून ठेवून जात नाही, त्यासाठी डीक्लोरिनेटर (ते निष्प्रभ करणारं द्रावण) वापरा.

खुरपं_कुदळ:
आभार! पुढे पाणी कमी व्हायला लागलं तर ते उन्हाने की गळतीने, कसं ओळखायचं?

पाणकणीस:
पंप बंद करा. पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवा आणि बादलीत, तळ्यात दोन्हीकडे पातळीची खूण करा. दोन दिवसांत दोन्हीकडे सारखंच उतरलं तर ऊन-वारा. तळ्यातच जास्त उतरलं तर गळती. पाणी उतरायचं थांबेल त्या रेषेजवळ भोक शोधा. पंप चालू असतानाच पाणी घटत असेल तर धबधब्याच्या कडा आणि नळीचे सांधे बघा. बऱ्याचदा तर भोक नसतंच. लायनरच्या कडेवरून माती घसरून पाण्याला टेकलेली असते आणि वातीसारखी पाणी ओढत राहते. तेवढी माती खरवडून कड वर उचलली की झालं.