नाव गाळलं तरी ओळख उरते

धर्म, लैंगिक ओळख अशा कारणांवरून द्वेषातून होणाऱ्या गुन्ह्यांबद्दल काही जण म्हणतात की पीडितांची नावं काढून टाकली की बाकी माहिती खुशाल प्रसिद्ध करावी. मला हे पटत नाही. गावात एखाद्या समाजाचं एकच कुटुंब असेल तर गाव, तारीख आणि 'धर्मावरून मारहाण' एवढ्यावरून कोण ते सगळ्यांना कळतं. लैंगिक ओळखीवरून झालेल्या हल्ल्यात तर घरच्यांपासून लपवलेली गोष्टच उघडी पडते. या भीतीने माणसं तक्रारच करत नाहीत.

अमेरिकेत १९९० साली अशा गुन्ह्यांची आकडेवारी गोळा करण्याचा कायदा झाला. पीडिताची ओळख उघड होईल अशी कुठलीही माहिती त्यात नसावी, हे त्या कायद्यातच आहे.

तेव्हा जाहीर करताना तारखेऐवजी तिमाही, गावाऐवजी जिल्हा द्यावा. तक्त्यातला एक-दोनच घटना असलेला रकाना झाकावा, आणि बेरजेतून वजाबाकी करून तो आकडा काढता येऊ नये म्हणून आणखी एखादा रकानाही झाकावा (हे हमखास राहून जातं). मूळ नोंद मात्र तपशीलवारच हवी. नाव-पत्ता वेगळा ठेवून सांकेतिक क्रमांकाने जोडावा. गोपनीयतेच्या नावाखाली हल्ल्यामागचा हेतूच नोंदवला नाही, तर तो गुन्हा साध्या मारामारीत जमा होतो.