मदत हवी आहे : स्वीडनमधल्या पीएचडीचा अर्ज, दुसरं शिफारसपत्र कोणाचं घेऊ?

नमस्कार मंडळी,

स्वीडनमधल्या एका विद्यापीठात सेंद्रिय रसायनशास्त्रात पीएचडीची जागा निघाली आहे. मुदत संपायला अठरा दिवस उरलेत. तिकडे पीएचडी म्हणजे चक्क नोकरी असते: चार वर्षं, दरमहा पगार, फी नाही. शिकवण्याचं काम दिलं, तर तेवढी मुदत वाढते. पात्रतेला २४० क्रेडिट लागतात, त्यातले ६० मास्टर्सचे. आपली बीएस्सीची तीन आणि एमएस्सीची दोन वर्षं धरली, तर तिथे अडत नाही.

अडलंय ते शिफारसपत्रापाशी. दोन पत्रं हवीत. एक माझ्या प्रोजेक्टचे प्रमुख देतायत. दुसऱ्यासाठी एमएस्सीच्या गाईड सरांकडे गेले, तर म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही करतो." स्वतःबद्दल 'अत्यंत मेहनती व होतकरू' असं लिहायला माझा हात धजत नाही. शिवाय पोर्टलवरून पत्र भरायची लिंक थेट त्यांच्याच ईमेलवर जाते, आणि सर कॉलेजचा ईमेल उघडतच नाहीत.

माझं काम जवळून पाहिलंय ते आमच्या लॅबमधल्या पोस्टडॉक (पीएचडीनंतर कंत्राटावर संशोधन करणाऱ्या) ताईंनी. मार्चमध्ये एकच कॉलम (मिश्रणातले पदार्थ वेगळे करायची नळी) मी चारदा लावला. टीएलसीवर, म्हणजे पदार्थ वेगळे झाले का ते दाखवणाऱ्या छोट्या प्लेटवर, दोन स्पॉट एकमेकांना चिकटूनच यायचे. सॉल्व्हंटचं प्रमाण बदलत बदलत पाचव्यांदा ते सुटे झाले, तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते आणि यूव्ही दिव्याखाली प्लेट बघायला ताईच शेजारी उभ्या होत्या. पत्रात हे यावं असं फार वाटतं. पण त्या प्राध्यापक नाहीत, त्यांचं कंत्राटही जूनमध्ये संपतंय. त्यांचं पत्र चालेल का? सरांचं नाव गाळलं तर तिकडे खटकेल का? कोणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा. नेट परीक्षा झालेली नाही, त्यामुळे इथली दरमहा ३७,००० रुपयांची फेलोशिप मला मिळणार नाही. हा अर्ज मला नीट करायचाय.

प्रतिसाद

मी स्वीडनमध्येच, गोथेनबर्गला पीएचडी केली. ताईंचं पत्र जरूर घे. काम डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाचं पत्र इथे वजनदार ठरतं, पद नंतर. पत्रात त्यांनी त्या कॉलमबद्दलच लिहावं. त्यांचा जूननंतरही चालू राहील असा ईमेल दे. जाहिरातीच्या तळाशी प्राध्यापकांचं आणि मनुष्यबळ विभागाचं नाव असतं, युनियनचंसुद्धा. पोस्टडॉकचं पत्र चालेल का, हे प्राध्यापकांना दोन ओळींत विचारून टाक, त्यात काही गैर नाही. सरांना पत्र लिहून नेऊ नकोस. प्रबंधाचा विषय, तारखा आणि तू केलेल्या रिअ‍ॅक्शन एका पानावर मांडून दे आणि पुढच्या अर्जासाठी त्यांच्याच शब्दांत चार ओळी माग.

धागाकर्ती

मनापासून आभार! प्राध्यापकांना आत्ताच ईमेल केला. ताईंना विचारलं, तर त्यांनी मार्चची लॅब नोटबुक मागून घेतली.