'डर्टी' म्हणजे नेहमीच घाण नव्हे
'डर्टी' या इंग्रजी शब्दाच्या अर्थांवर चाललेल्या चर्चेत डर्टी जोक, डर्टी मनी, डर्टी पॉलिटिक्स ही उदाहरणं आलीच आहेत, आणि 'हा शब्द म्हणजे निव्वळ शिवी' असंही कुणी म्हटलंय. ते मला पटत नाही. त्याचं मूळ जुन्या नॉर्स या स्कँडिनेव्हियातल्या प्राचीन भाषेतल्या 'द्रित' म्हणजे विष्ठेपर्यंत जातं हे खरं; पण अमेरिकेत 'डर्ट' ही साधी माती आणि 'डर्ट रोड' म्हणजे कच्चा रस्ता. त्यात तिटकारा कुठेच नाही.

मला सर्वांत आवडतो तो संगणकातला अर्थ. मेमरीतल्या एखाद्या पानात (म्हणजे मेमरीच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यात) बदल झाला, पण तो अजून डिस्कवर उतरला नाही, तर ते पान 'डर्टी'. त्याची खूण ठेवतो तो 'डर्टी बिट'. बदल डिस्कवर लिहिला की पान पुन्हा 'क्लीन'. म्हणजे इथे मेमरीतली आणि डिस्कवरची अशा दोन प्रतींमधली तफावत तेवढी सांगायची असते. फॉर्म्युला वन या मोटार शर्यतीत पुढच्या गाडीमागच्या घुसळलेल्या हवेला 'डर्टी एअर' म्हणतात. तिच्यात मागच्या गाडीची पकड कमी होते.

'डर्टी बॉम्ब' म्हणजे छोटा अणुबॉम्ब, हा समज मात्र चुकीचा आहे. त्यात अणुस्फोट होतच नाही. साध्या स्फोटकांनी किरणोत्सारी पदार्थ आसपास पसरवले जातात. बातम्या लिहिणाऱ्यांनी हा फरक स्पष्ट करायलाच हवा.