मेझर ११४, चर्चचं पत्र आणि आपलं मंडळ

प्रेषक: मेधा (मराठी शाळा)
रविवार, १६ ऑक्टोबर २०२२

मंडळी, नमस्कार.

आज शाळा सुटल्यावर चर्चच्या ऑफिसातल्या बाईंनी मला थांबवलं. वाटलं, फळ्यावर पुसायची राहिलेली बाराखडी नडली. पण त्यांनी हातात एक पत्र ठेवलं. बंदुकांच्या मेझर ११४ ला, म्हणजे नोव्हेंबरमध्ये आपल्या ओरेगनच्या मतदारांपुढे येणाऱ्या कायद्याच्या प्रस्तावाला, पाठिंबा देणाऱ्या संस्थांमध्ये मंडळाचं नाव घालाल का, असं त्यात विचारलंय.

ज्यांनी अजून पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. हे मेझर कुठल्या पक्षाने आणलेलं नाही. चर्च आणि सिनॅगॉगमधल्या (ज्यूंच्या प्रार्थनास्थळांतल्या) माणसांनी ‘लिफ्ट एव्हरी व्हॉइस ओरेगन’ नावाने ते उभं केलं. पोर्टलंडच्या ऑगस्टाना ल्युथरन चर्चचे पास्टर मार्क नुट्सन त्यात पुढे आहेत. २०१८ मध्येही त्यांनी प्रयत्न केला होता, पण मतपत्रिकेवरच्या मथळ्याचा वाद कोर्टात गेला आणि सह्या गोळा करायला वेळच उरला नाही. यंदा मतपत्रिकेवर यायला १,१२,०८० सह्या लागत होत्या. मे महिन्यात टेक्ससमधल्या युवाल्डीच्या शाळेतल्या गोळीबारात १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या, त्यानंतर सह्या घ्यायला माणसांची रीघ लागली आणि आकडा दीड लाखाच्या पुढे गेला.

मागण्या अशा: बंदूक घेण्याआधी परवाना, त्यासाठी बोटांचे ठसे आणि प्रत्यक्ष बंदूक हाताळून द्यायचा कोर्स, पार्श्वभूमी तपासणी पूर्ण झाल्याशिवाय विक्री नाही, आणि दहापेक्षा जास्त गोळ्यांच्या मॅगझिनची विक्री बंद. तपासणीचा मुद्दा मला सगळ्यांत पटतो. आज कामाच्या तीन दिवसांत उत्तर आलं नाही तर दुकानदार बंदूक देऊ शकतो. २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये प्रार्थनेला बसलेल्या ९ जणांना मारणाऱ्याला बंदूक अशीच मिळाली होती.

२०२० पासून या देशात १ ते १९ वयाच्या मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बंदूक आहे. गाडीचे अपघात मागे पडले. आपली मुलं रविवारी ज्या खोल्यांत ‘क कमळाचा’ गिरवतात, त्याच खोल्यांत चर्चची मुलं आदल्या तासाला बसलेली असतात. म्हणून विचारते.

मेधा

---

प्रेषक: सतीश (सेक्रेटरी)
रविवार, १६ ऑक्टोबर

मंडळाने राजकारणात पडू नये, हे मी गणपतीच्या मीटिंगमध्येही म्हटलं होतं. आपण ५०१(सी)(३), म्हणजे करमाफी असलेली धर्मादाय संस्था आहोत. उद्या करमाफी गेली तर हॉलचं भाडं कोण भरणार?

---

प्रेषक: मेधा
सोमवार, १७ ऑक्टोबर

सतीश, बंदी उमेदवाराच्या प्रचाराला आहे. मेझरवर मंडळाने भूमिका घेणं लॉबिंगमध्ये, म्हणजे कायद्यासाठी प्रयत्न करण्यात, मोजतात आणि ते मर्यादेत चालतं. नाहीतर ही सगळी चर्चेस आतापर्यंत अडचणीत आली असती. नको म्हणायचं असेल तर सरळ म्हण, कायद्याआड लपू नकोस.

---

प्रेषक: विनायक
सोमवार, १७ ऑक्टोबर

मग मी सरळ म्हणतो. माझ्याकडे बंदूक आहे. मंडळात हे पहिल्यांदाच सांगतोय.

तीन वर्षांपूर्वी आमचं घर फुटलं, तेव्हा सगळ्यांनी जेवणाचे डबे आणले होते, आठवत असेल. आपल्या घरांत सोनं असतं हे चोरांना पक्कं माहीत आहे. ग्रीन कार्ड आल्यावर पिस्तूल घेतलं. (एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, घेता येत नाही. शिकारीचा परवाना काढला तर मात्र येतं! देव जाणे हा कायदा कुणी लिहिला.)

परवान्याला माझी ना नाही. पण अर्जदार धोकादायक आहे की नाही हे ठरवणार शेरिफ, म्हणजे इथला पोलीस अधिकारी. त्या खिडकीपुढे माझ्यासारखा सावळा, दाढीवाला माणूस उभा राहिला की काय होईल? विमानतळावर काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. शिवाय तो कोर्स कोण घेणार, कुठे, याचा अजून पत्ता नाही. चर्चच्या लोकांचा हेतू चांगला आहे, मसुदा कच्चा आहे. आणि दसऱ्याला शस्त्रपूजा करणाऱ्यांनी बंदूक म्हटलं की इतकं दचकू नये.

---

प्रेषक: मेधा
सोमवार, १७ ऑक्टोबर

विनायकदादा, परवाना नाकारला तर कोर्टात दाद मागता येते, मसुद्यात तशी सोय आहे. पण दाद मागायला वकील लागतो, हेही खरं. खिडकीच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही.

---

प्रेषक: अरुंधतीकाकू
मंगळवार, १८ ऑक्टोबर

विनायक, शस्त्रपूजेचं म्हणतोस तर ऐक. माझ्या सासऱ्यांची बारा बोअरची बंदूक होती, परवान्याची. दसऱ्याला तिला झेंडूचं फूल वाहायचो. पण निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागायची. कुरकुरत घेऊन जायचे आणि पावती नीट घडी करून पाकिटात ठेवायचे. परवान्याने त्यांची अब्रू गेली नाही. काडतुसं कुठे असत हे मला लग्नानंतर अकरा वर्षं माहीत नव्हतं.

मला मताचा अधिकार नाही, तेव्हा मेझरचं तुम्ही बघा. माझं दुखणं वेगळं आहे. नातू शेजारी खेळायला जातो. मी मुलीला म्हटलं, त्यांच्याकडे बंदूक असली तर कुलुपात असते का, विचार. ती म्हणाली, “आई, असं कसं विचारायचं, वाईट दिसतं.” शेंगदाणे चालत नाहीत हे सांगताना वाईट दिसत नाही. बंदूक कुलुपात ठेवायचा कायदा इथे गेल्या वर्षीच झालाय म्हणे. पण घरात डोकावून बघणार कोण?

---

प्रेषक: सतीश
बुधवार, १९ ऑक्टोबर

कार्यकारिणीचा निर्णय: मंडळाचं नाव पत्रावर जाणार नाही. पाच विरुद्ध चार. ज्यांना सही करायची आहे त्यांनी स्वतःच्या नावाने करावी, मीही करतोय. मतपत्रिका टपालाने येतील, ८ नोव्हेंबरच्या आत पाठवा.

काकूंचा प्रश्न शाळेच्या पालकांच्या यादीत घालायला कुणाची हरकत नव्हती. एकमेकांच्या घरी मुलं पाठवणाऱ्यांनी लिहायचं: बंदूक आहे का, कुलुपात आहे का. फराळाच्या ऑर्डरी वेगळ्या मेलवर पाठवा, कृपया इथे नको.

---

प्रेषक: विनायक
गुरुवार, २० ऑक्टोबर

यादीत माझं नाव पहिलं घाला. आहे, कुलुपात आहे.

मतपत्रिकेवर मी ‘नाही’च लिहिणार. पण काकूंची मेल वाचून काल रात्री धाकट्याला पेटीसमोर उभं केलं आणि म्हटलं, उघडून दाखव. कुलूप बोटाच्या ठशाचं आहे, त्यामुळे मी निर्धास्त होतो. त्याने बोट लावलं, उघडलं नाही. मग खाली नंबरांची बटणं असतात, त्यावर त्याने आपल्या घराचा नंबर दाबला.

कोड बदललाय.