रात्री पार्किंगमध्ये पाणी बघून पूरच आला वाटलं, तुमचं कधी असं झालंय का?

तळमजलेवाला:
परवा रात्री अडीचला खळखळ आवाजानं जाग आली. कोल्हापुरात शाहूपुरीत तळमजल्याला राहतो, 2019 ला घरात छातीएवढं पाणी होतं त्यामुळं जुलै लागला की झोप तशीही सावधच. दार उघडलं तर पार्किंगमध्ये पाणी आणि माझी एक चप्पल तरंगत गेटकडं निघालेली. पाय लटपटायलाच लागले. बायकोला उठवलं, पोराला झोपेतच उचललं, कागदपत्रांची पिशवी पावसाळाभर दाराला अडकवलेली असते ती गळ्यात घातली आणि जिन्यानं वर, प्रत्येकाची बेल दाबत 'पाणी आलंय, पाणी आलंय'. सगळी बिल्डिंग जागी. आई तेवढी खालीच उभी, मोबाईलची बॅटरी पाण्यावर मारून म्हणते, "आरं, फरशी दिसालीया की ह्यात. पुराचं पाणी असलं नितळ असतंय व्हय?"

टाकी भरून वाहत होती. मोटर कुणीतरी बंद करायची विसरलेलं आणि खालची जाळी पिशवीनं तुंबलेली. तिथंच पायरीवर बसलो, हसू का रडू कळेना. सकाळी बघितलं तर पंचगंगा नदी राजाराम बंधाऱ्याला 31 फूट. पण दोन दिवस झाले, पाण्याचा आवाज आला की अजून धस्स होतंय. रात्रीचं उठून खात्री करायची तरी कशी?

दुधाळीकर:
पहिलं आईंना साष्टांग. भावा, पंचगंगा अशी एका झटक्यात दारात येत नाही. इशारा 39 फुटाला, धोका 43 ला, आणि आधी नदीकडच्या सखल भागात, सुतारवाडा, जामदार क्लबकडं हालचाल सुरू होते. गल्लीत येताना बऱ्याचदा गटारीतनं, चेंबरमधनं उलटं वर येतंय, गढूळ आणि वास मारणारं. शंका आली की भिंतीवर पाण्याच्या कडेला खडूनं रेघ मारायची आणि तासाभरानं बघायचं. 2021 ला आम्ही रात्रभर रेघाच मारत बसलोय, एक रेघ बायकोनं अजून पुसू दिली नाही.

रस्सामंडळ:
आमच्यात राधानगरी धरणाचा दरवाजा उघडला की पुण्याच्या बहिणीचा फोन, 'धरण सोडलंय म्हणे, निघा'. अगं बाई, ते स्वयंचलित आहेत, धरण भरलं की आपोआप उघडतात आणि पाणी उतरलं की मिटतात, कितीदा सांगायचं. पण मी तरी कुठला शहाणा, गेल्या वर्षी ग्रुपवर कुणीतरी 2019 चा व्हिडिओ 'आत्ताचा' म्हणून टाकला आणि मी एकट्यानं फ्रीज टेबलावर चढवला. व्हिडिओची तारीख कोण बघतोय. पाठ अजून दुखत्या.

जिन्याखालचा:
ते सगळं ऱ्हाऊ दे, मोटर बंद करायची पाळी कुणाची होती?

तळमजलेवाला:
ते तेवढं विचारू नकासा. बिल्डिंगमध्ये अजून सांगितलेलं नाही.