रेल्वेने जायचं, सायकलने परत यायचं: सोलापूरजवळ कुठलं स्टेशन धरावं?

सम्राट_चौक (प्रश्न)

घरून निघून घरीच परत येण्याच्या राइड त्याच त्या झाल्यात. हिप्परगा तलाव, फार तर नान्नज. आता सकाळच्या गाडीने एखाद्या स्टेशनवर उतरायचं आणि तिथून सायकलने सोलापूर गाठायचं असं डोक्यात आहे. एका दिशेने ४० ते ७५ किमी, रविवारी दुपारच्या आत घरी. सायकली दोन: एक २० इंची फोल्डिंग आणि एक हायब्रिड, ७००×३५ टायरची. दोघेही मध्यम वेगाचे, शर्यत नाही.

स्टेशन कुठलं निवडावं, हायब्रिड गाडीत कशी न्यावी आणि काट्यांचं काय करावं, एवढं तिन्ही सांगा की ओ.

जुळे_सोलापूर

स्टेशन नकाशावर नाही, वाऱ्यावर निवडायचं. आपल्याकडे चढ नगण्य आहेत, पण माळावर आडोसा नाही. समोरचा वारा लागला की २० चा वेग १४ वर येतो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी वारा बहुतेक पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून येतो. त्या दिवसांत वाडी जंक्शनच्या दिशेची गाडी धरा, अक्कलकोट रोडला उतरा आणि पश्चिमेकडे परत या. मे अखेरपासून सप्टेंबरपर्यंत वारा पश्चिमेचा, नैऋत्येचा. तेव्हा पुण्याच्या दिशेला मोहोळ किंवा कुर्डुवाडी. हिवाळ्यात सकाळी साडेआठ-नऊपर्यंत हवा जवळजवळ पडलेली असते, वारा त्यानंतर उठतो. म्हणून परतीचा टप्पा पाठीवर वारा घेऊनच असावा, सकाळचा कसाही चालतो.

अक्कलकोट रोडचा मार्ग: स्टेशन गावात नाही, गाव दहा-बारा किमीवर आहे. स्टेशन ते अक्कलकोट, मग वळसंग, कुंभारी, सोलापूर. सगळं मिळून पन्नासच्या आसपास. अक्कलकोट ते सोलापूर रस्ता चौपदरी आहे, डावी पांढरी पट्टी सोडू नका. गुरुवार, पौर्णिमा आणि स्वामींचे उत्सव टाळा, गाडीतही आणि रस्त्यावरही भाविकांची गर्दी असते. इतर दिवशी मंदिर पाहून अन्नछत्रात जेवून निघता येतं, पण मग ऊन डोक्यावर येतं. मला विचाराल तर दर्शन आधी आणि जेवण घरी.

होटगी जंक्शन मुद्दाम सुचवत नाही. अंतर पंधराएक किमीच, शिवाय वीजप्रकल्प आणि सिमेंटमुळे बल्कर-ट्रकची रांग. तलावावर हिवाळी पक्षी बघायचे असतील तर मात्र पहाटे सायकलनेच जा, त्यासाठी गाडी कशाला?

पार्सल_खिडकी

हायब्रिडचं उत्तर नीट वाचा, इथेच बहुतेकांचं गणित चुकतं.

अख्खी सायकल डब्यात नेता येत नाही. ती ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गाडीच्या सामानाच्या डब्यात, बुक करावी लागते. आधी प्रवासाचं तिकीट काढा, मग गाडीच्या किमान तासभर आधी पार्सल ऑफिसात जा. तिथे फॉर्म, वजन, पैसे, पावती. पुठ्ठ्यावर मार्करने नाव, तिकीट नंबर, कुठून-कुठे हे लिहून तो फ्रेमला सुतळीने घट्ट बांधा, नुसता चिकटवलेला कागद राहत नाही. बाटली, लाइट, पंप, सीटखालची पिशवी काढून स्वतःजवळ ठेवा. पेडल काढा. डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, ते घड्याळाच्या दिशेने सुटतं. जोर लावून आटे खराब केले तर क्रँक बदलावा लागतो. हँडल सैल करून फ्रेमला समांतर वळवा. डिस्क ब्रेक असेल आणि चाक काढणार असाल तर कॅलिपरमध्ये पुठ्ठ्याची घडी अडकवा, नाहीतर लिव्हर चुकून दाबला गेला की पॅड मिटतात.

आता खरी अडचण. बुक केलेली सायकल त्याच गाडीत चढेलच याची खात्री नसते, ब्रेकव्हॅनमध्ये जागा हवी. आणि ती उतरवायला वेळ हवा. ब्रेकव्हॅन गाडीच्या टोकाला. दोन मिनिटांच्या थांब्यात लहान स्टेशनवर कोणी सायकल उतरवून देत नाही. म्हणून या पद्धतीने कुर्डुवाडीसारखं जंक्शनच धरावं. तिथून सोलापूर सुमारे ८० किमी, म्हणजे तुमच्या मर्यादेच्या जरा पुढे. उतरल्यावर पावती दाखवून सायकल लगेच सोडवा, उशीर केला तर वेगळा आकार पडतो.

फोल्डिंगचं: डब्यात नेण्याच्या पेट्या-सुटकेससाठी मर्यादा १००×६०×२५ सेंमी. २० इंची सायकल घडी घातल्यावर लांबी-उंचीत बसते, जाडी मात्र ३० ते ४० सेंमी भरते. नियमावर बोट ठेवलं तर ती बसत नाही. त्यामुळे पिशवीत पूर्ण झाकलेली, चेन आतल्या बाजूला, दारात आणि जाण्यायेण्याच्या वाटेत नाही, आणि गर्दीच्या गाडीला नाही. कोणी हरकत घेतली तर हुज्जत न घालता बुक करायची तयारी ठेवा.

पाच-सहा जण असाल तर सरळ छोटा हत्ती ठरवा. सायकली उलटसुलट उभ्या करून मध्ये जुनी सोलापुरी चादर घालायची, रंग खरवडत नाही.

सम्राट_चौक

म्हणजे हायब्रिड विसरा म्हणताय. दोन्ही फोल्डिंग असतील तर मोहोळकडून फक्त हायवेच आहे का?

दोन_चाकं

नाही. मोहोळहून तीन वाटा आहेत.

सरळ हायवे: मोहोळ, लांबोटी, कोंडी, बाळे. पस्तीसएक किमी. लांबोटीला सीनेचा पूल आणि मक्याचा चिवडा, थांबा तिथेच घ्यायचा. त्रास पाकणीजवळ, इंधन डेपोमुळे टँकर कडेला उभे असतात आणि त्यांच्यामुळे तुम्हाला वेगाच्या लेनमध्ये यावं लागतं. जिथे सर्व्हिस रोड आहे तिथे तोच वापरा. मात्र त्यावर उलट्या दिशेने येणाऱ्या मोटरसायकली गृहीत धरा.

मला आवडणारी वाट: मोहोळ, कुरूल, कामती, बेगमपूर, माचणूर, आणि तिथून सोलापूर. सत्तरच्या पुढे जाते. माचणूरला भीमेकाठी सिद्धेश्वराचं देऊळ, घाट आणि शेजारी औरंगजेबाच्या छावणीचा किल्ला. कुरूलच्या बाजूला ऊस, ऑक्टोबर अखेर ते मार्च दुहेरी ट्रॉलीचे ट्रॅक्टर. ट्रॉलीच्या मागून ओव्हरटेक करताना दुसरी ट्रॉली हेलकावते हे लक्षात ठेवा आणि वळणावर तर नाहीच. रस्त्यावर पडलेल्या उसावरून सायकल तिरकी गेली की चाक सरकतं. आडवा ओलांडायचा, ब्रेक न लावता. परतीचा माचणूर-सोलापूर टप्पा पूर्वेकडे आहे, म्हणून ही वाट जून ते सप्टेंबरची. ऊस तेव्हा उभा असतो, ट्रॅक्टर कमी.

तिसरी सोलापूरला न येता पंढरपूरला जाणारी, पालखी मार्ग, चाळीसएक किमी, रुंद आणि सरळ. सायकलला कंटाळवाणी. आषाढी-कार्तिकीला नको.

पक्षी बघायचे असतील तर जेऊर-भिगवण पट्ट्यातलं पारेवाडी. केत्तूरला उजनीचं पाणी स्टेशनच्या जवळ येतं, हिवाळ्यात रोहित दिसतात. तिथून सोलापूर एका दमात होणार नाही, आसपास २५-३० किमी फिरून परत गाडीनेच यायचं. त्यामुळे आधी परतीची गाडी बघा आणि मगच जायची. डिकसळचा पूल, पूर्वीचा रेल्वेचा, मार्गात धरणार असाल तर चालू आहे का ते गावात विचारून घ्या.

काळी_माती

काटे दोन जातींचे, उपाय वेगळे. सराटा डांबराच्या कडेला आणि स्टेशनबाहेरच्या मोकळ्या जागेत. छोटा, पण एका वेळी पाच-सहा घुसतात. वेड्या बाभळीचा काटा लांब, तो ट्यूबच्या पार जातो आणि टायरमध्येच मोडतो. सराट्याला ट्यूबमध्ये सीलंट (भोक बुजवणारं द्रव) पुरतं. बाभळीला टायरच्या आतून लायनर, म्हणजे जाड पट्टी, हवा. ऑक्टोबरात गवत वाळलं की सराटे सगळ्यात वाईट. कॅनॉलच्या पट्टीवरून जायचा मोह होतो, झाडांची सावली असते, पण सगळी बाभूळ छाटून तिथेच टाकलेली असते.

पंक्चर काढताना ट्यूब बदलून लगेच हवा भरू नका. टायरच्या आतून फडकं फिरवा, बोट नको. मोडलेलं टोक फडक्याला अडकतं. ते चिमट्याने बाहेरून ओढा. हे न केल्यामुळे दुसरी ट्यूब किलोमीटरभरात जाते. पॅच लावताना ट्यूब घासा, सोल्यूशन लावून चारेक मिनिटं वाळू द्या, बोटाला ओलं लागेनासं झालं की मगच पॅच. घाईने ओल्यावर लावलेला पॅच उन्हात डांबरावर सुटतो.

ट्यूब मोटरसायकलसारख्या वॉल्व्हची घ्या. गावातल्या पंक्चरवाल्याकडे तीच भरता येते. बारीक वॉल्व्ह असेल तर पितळी अडॉप्टर दोन ठेवा. कॉम्प्रेसरची हवा एकदम सोडू देऊ नका, ट्यूब फुटते. टिचक्या-टिचक्याने भरायची. ७००×३५ ला ६० ते ७० पीएसआय, फोल्डिंगला टायरच्या भिंतीवर लिहिलंय त्यापेक्षा पाच-सात कमी.

पावसाळ्यात डांबर सोडू नका. शेतातली वाट शंभर मीटरची असली तरी काळी माती ब्रेक आणि मडगार्डमध्ये भरते, चाक फिरायचं थांबतं. रेल्वेखालच्या भुयारी मार्गात पाणी साचलं असेल तर खोली दिसत नाही, वळून फाटकाची वाट धरा. आणि रुळाशेजारच्या रस्त्याने जाऊ नका, ती रेल्वेची हद्द.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, मार्च ते मे त्याहून जास्त. त्या महिन्यांत साडेनऊला सायकल बंद झालीच पाहिजे, म्हणजे सकाळची गाडी उशिरा असेल तर ती योजनाच नको. सोबत कडक भाकरी आणि शेंगा चटणी न्या, उन्हात खराब होत नाही. चटणीवर दही घ्यायचं असेल तर गावात मिळतं.

सम्राट_चौक

जानेवारीत अक्कलकोट रोड आणि पावसाळ्यात माचणूर, असं ठरवतोय. एकच राहिलं, हायब्रिड वाळवणासारखी घरात ठेवायची का?

जुळे_सोलापूर

ती विजापूर रोडला काढा. सोलापूर स्टेशनवरूनच मंद्रूपकडे आणि पुढे हत्तरसंग कुडल, भीमा-सीनेचा संगम. एका बाजूला चाळीसएक किमी. १०१८ सालचा मराठी शिलालेख आणि शेकडो मुखांचं शिवलिंग एकाच आवारात. तिथे गाडीचा प्रश्नच नाही. दोन्ही बाजूंनी सायकलनेच जायचं असलं तर पहाटे साडेपाचला निघा आणि जड ट्रक सुरू व्हायच्या आत मंद्रूप गाठा.